मुक्कामाची गावं : ब्रिटनमधल्या एका महिला सायकल शर्यतीचं प्रकरण

7 मे 2014, बुधवार. इंग्लंडच्या नॉर्थहॅम्प्टनशर काउंटीतलं आऊंडल हे जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव. दगडी घरं, जुना बाजार, शेजारून वाहणारी नेन नदी. त्या दिवशी जगातल्या सर्वोत्तम महिला सायकलपटू या बाजारातून शर्यतीला निघाल्या. दोन वर्षांपूर्वी लंडन ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकलेली मारियान व्हॉसही त्यांच्यात होती. पाचव्या दिवशी बरी सेंट एडमंड्समध्ये शर्यत संपली तेव्हा विजेतेपद तिच्याकडेच गेलं.

‘द विमेन्स टूर’ची ही सुरुवात. पाच दिवस, रोज एक टप्पा, एका गावातून दुसऱ्या गावापर्यंत. पहिल्या वर्षीची गावं अशी : आऊंडल ते नॉर्थहॅम्प्टन, हिंकली ते बेडफर्ड, फेलिक्स्टो ते क्लॅक्टन, चेसहंट ते वेल्विन गार्डन सिटी आणि हार्विच ते बरी सेंट एडमंड्स. लंडन नाही, मँचेस्टर नाही, बर्मिंगहॅमही नाही. लंडनमध्ये ही शर्यत पोचली ती चौथ्या वर्षी, 2017 साली. आंतरराष्ट्रीय शर्यत अशा आडगावांतून का निघाली, या गावांनी तिच्यासाठी काय मोजलं आणि एवढी जुळवाजुळव करूनही 2023 साली ती का कोसळली, हे या प्रकरणाचे प्रश्न आहेत. महिलांच्या खेळाबद्दल आपल्याकडे कौतुक भरपूर होतं, पण तो उभा कसा राहतो याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

मागे काय घडलं होतं

29 जुलै 2012 ला लंडन ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये व्हॉसच्या मागोमाग लिझी आर्मिटस्टेड दुसरी आली. त्या ऑलिंपिकमधलं ब्रिटनचं हे पहिलं पदक. पदक गळ्यात असतानाच ती खेळातल्या लिंगभेदाबद्दल मोकळेपणानं बोलली. पुरुषांची ‘टूर ऑफ ब्रिटन’ 2004 पासून स्वीटस्पॉट ही खासगी कंपनी भरवत होती. महिलांची स्वतंत्र शर्यत काढायची असं त्याच कंपनीनं ठरवलं. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा. तोवरची सोपी वाट अशी होती की पुरुषांच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यावर महिलांची छोटी शर्यत उरकून घ्यायची. बॅरिकेड तेच, पोलीस तेच, मांडव तोच. खर्च वाचतो, पण बघणारे दुपारी येतात आणि बायकांची शर्यत रिकाम्या रस्त्यावरून जाते.

स्वीटस्पॉटनं ती वाट सोडली. महिलांची शर्यत तिच्या स्वतःच्या आठवड्यात आणि स्वतःच्या गावांत होणार. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. पण त्याची किंमत अशी की प्रत्येक बॅरिकेड, प्रत्येक मोटारसायकल, प्रत्येक रुग्णवाहिका या एकाच शर्यतीच्या खात्यावर चढणार होती. वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट लावता येत नाही. प्रेक्षक आपापल्या फाटकाशी उभे राहून फुकट बघतात, आणि हेच या खेळाचं सौंदर्य आहे. दूरचित्रवाणीचे हक्क विकून पैसा यावा, तर महिलांच्या शर्यतीत उलटंच होतं : चित्रीकरणाचा खर्च आयोजकालाच करावा लागतो. मग उरतात दोन खांब. एक मुख्य प्रायोजक आणि दुसरा यजमान गावं. प्रायोजक बदलत गेले, आधी विमा कंपनी, मग वीज-गॅस पुरवणारी, पुढे गुंतवणूक सेवा देणारी. कुठलाच खांब कायमचा नव्हता. त्यामुळे दरवर्षी हिवाळ्यात गावं शोधणं, त्यांच्याशी बोलणी करणं आणि त्यांच्याकडून यजमानपदाचं शुल्क ठरवून घेणं, हाच या शर्यतीचा खरा व्यवसाय होता. मे-जूनमध्ये रस्त्यावर दिसायचं ते त्याचं फळ.

गाव म्हणजे नेमकं कोण?

‘गावानं होकार दिला’ असं आपण सहज म्हणतो. इंग्लंडच्या मोठ्या भागात तेव्हा दुहेरी कारभार होता, अजूनही बराच आहे. रस्ते काउंटी काउन्सिलकडे. वाहनतळ, बागा, बाजारपेठ, कचरा डिस्ट्रिक्ट किंवा बरो काउन्सिलकडे. त्याखाली गावाची छोटी टाउन काउन्सिल, जिच्याकडे पैसा नसतो पण उत्साह आणि माणसं असतात. वाहतूक बंदीचा आदेश एका कचेरीतून निघणार, चौक मोकळा करायची परवानगी दुसरीतून, आणि दुकानदारांची समजूत तिसरीनं काढायची. आयोजकाला तिन्ही दारं वाजवावी लागतात.

म्हणून पहिल्या वर्षीच्या यादीकडे गावांची यादी म्हणून न बघता कार्यालयांची यादी म्हणून बघावं, मग तिचा अर्थ लागतो. चेसहंट आणि वेल्विन गार्डन सिटी यांच्यात सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटर अंतर आहे. तेवढ्यासाठी कुणी दिवसभराची शर्यत ठेवत नाही. पण दोन्ही गावं हर्टफर्डशरमध्ये. शर्यत काउंटीच्या आतल्या आत गिरक्या घेत जाते, त्यामुळे रस्त्यांसाठी एकाच काउंटीशी बोलावं लागतं आणि पैसे देणाऱ्या काउंटीला आपली जास्तीत जास्त खेडी शर्यतीत आलेली दिसतात. क्लॅक्टनला तिसरा टप्पा संपला आणि हार्विचहून पाचवा निघाला. ही दोन्ही गावं टेंडरिंग या एकाच डिस्ट्रिक्टमधली. एका कार्यालयाशी जुळलेल्या सुतावर दोन दिवस विणले गेले.

हे कौशल्य पुढे आणखी पक्कं झालं. 2019 साली वेल्समध्ये लँड्रिंडॉड वेल्स ते बिल्थ वेल्स असा टप्पा झाला. ही दोन गावं एकमेकांपासून दहा-बारा किलोमीटरवर, टप्पा मात्र सुमारे 140 किलोमीटरचा. पॉइस काउंटीचे डोंगर पालथे घालून सगळ्याजणी शेजारच्या गावात उतरल्या.

अंतराची आणखी एक अट होती. सायकलिंगची जागतिक संघटना युसीआय महिलांच्या वर्ल्ड टूरमधल्या, म्हणजे वर्षभरातल्या अव्वल शर्यतींच्या मालिकेतल्या, टप्प्याला 160 किलोमीटरची कमाल मर्यादा घालते. ही शर्यत 2016 पासून, म्हणजे महिलांची वर्ल्ड टूर सुरू झाली तेव्हापासून, तिच्यात होती. रात्रीची हॉटेलं लांब ठेवली तर दमलेल्या खेळाडूंचा दिवस गाडीत जातो. त्यामुळे होकार देणारी गावं देशभर विखुरलेली असून चालत नाहीत, ती एकमेकांच्या आवाक्यात लागतात. चारशे किलोमीटरवरच्या एखाद्या उत्साही गावाचा एकटाच होकार आला तर त्याचा उपयोग नाही. शर्यतीची पहिली वर्षं पूर्व इंग्लंड आणि मिडलँड्समध्ये एकवटली, त्यामागे हे गणित दिसतं.

गावाची पाहणी

पैसा आणि कागद जमले तरी गाव शर्यतीच्या मापात बसावं लागतं. सुरुवातीचं गाव तुलनेनं सोपं. संघांच्या बसगाड्या उभ्या राहतील एवढा वाहनतळ, सही करण्याचा मंच, आणि गावातून हळू बाहेर पडण्यासाठी एक रस्ता. शर्यत प्रत्यक्षात गावाबाहेर सुटते. बाजारपेठेतून जाणारे पहिले काही किलोमीटर बिनस्पर्धेचे असतात, म्हणून सुरुवातीच्या गावात गल्ली अरुंद असली तरी चालते. सफकमधल्या फ्रॅम्लिंगहॅमसारखं किल्ल्याचं छोटं गाव 2018 साली सुरुवातीला शोभून दिसलं ते यामुळेच.

शेवटाचं गाव हा वेगळा मामला. साठच्या वेगानं शंभरेक जणी एकाच रेषेकडे झेपावणार. रस्ता सरळ आणि रुंद हवा, शेवटच्या पट्ट्यात गतिरोधक, दुभाजक, चिंचोळी वळणं नकोत. नियमाप्रमाणे रेषेआधी किमान 300 मीटर आणि रेषेनंतर 100 मीटर बॅरिकेड लागतात. संघांच्या गाड्यांना रेषेच्या अलीकडेच बाजूला वळवायला फाटा हवा. आणि रेषेनंतर वेग उतरवायला मोकळी जागा.

ही शेवटची गोष्ट किती जिवावरची आहे ते 17 जून 2015 ला ऑल्डबरामध्ये दिसलं. सफकच्या किनाऱ्यावरचं हे देखणं गाव. पहिल्या टप्प्यात लिझी आर्मिटस्टेडनं रेषेवर पहिला नंबर मारला, आनंदानं हात वर केले आणि पुढच्याच क्षणी रेषेपलीकडे उभ्या असलेल्या छायाचित्रकारांवर आदळली. तिला रुग्णालयात न्यावं लागलं. टप्पा जिंकूनही उरलेली शर्यत तिला सोडावी लागली. घरच्या रस्त्यावरची, घरच्या माणसांसमोरची शर्यत. पुढच्या वर्षी ती परत आली आणि जिंकली, पण तो प्रसंग मला कायम टोचतो. गाव सुंदर असणं आणि रेषेपलीकडे मोकळा रस्ता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आधी बघायची असते.

शिवाय रोजच्या जगण्याचे अडथळे. आठवडी बाजाराचा वार कोणता, कचऱ्याची गाडी कधी येते, दवाखान्याची वाट कुठून, रेल्वेचं फाटक मधे येतं का, जूनमध्ये पाण्याच्या पाइपसाठी कोण खणणार आहे. 2017 साली तर पंतप्रधानांनी एप्रिलमध्ये अचानक सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली आणि मतदानाचा दिवस आला 8 जून. त्याच दिवशी शर्यतीचा दुसरा टप्पा स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये होता. टप्पा झाला. पण मतदान केंद्रांच्या गावात रस्ते बंद करणं म्हणजे काय, हे वाहतूक शाखेत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

पालखीच्या वाटेवरच्या लोकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. लोणंद, फलटण इथे मुक्कामाआधी रस्ते, पाणी, शौचालयं, वाहतूक यांची तयारी कशी चालते ते आपण दरवर्षी बघतो. फरक असा की पालखीचा मुक्काम परंपरेनं ठरलेला, तो मागावा लागत नाही. या शर्यतीला दर हिवाळ्यात नव्यानं मुक्काम मागावा लागायचा.

गावाला काय मिळायचं

काउन्सिलच्या बैठकीत मांडायला आकडे लागतात, म्हणून प्रत्येक शर्यतीनंतर ‘स्थानिक अर्थव्यवस्थेला इतका फायदा’ असा अहवाल येतो. अशा आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. शर्यत बघायला आलेल्या माणसानं प्यायलेली कॉफी अहवालात येते, पण रस्ता बंद म्हणून त्या दिवशी न आलेलं गिऱ्हाईक येत नाही. हॉटेलं संघांनी भरतात, पण ती बहुधा यजमान गावाबाहेर असतात.

खरी मिळकत दुसरीकडे आहे. आयटीव्ही फोर वाहिनीवर संध्याकाळी तासाभराचा सारांश दिसायचा. त्यात किल्ला, समुद्रकिनारा, टेकड्या. आणि रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं. पहिल्याच वर्षी ती मोठ्या संख्येनं बाहेर आली होती, हातात रंगवलेली निशाणं घेऊन. शर्यतीचे बहुतेक दिवस आठवड्याच्या मधल्या वारांना होते, ही वरवर अडचणीची गोष्ट इथे कामाला आली. पुरुषांच्या मोठ्या शर्यतीचा टप्पा ज्यांना परवडला नसता अशा गावांना जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडू आपल्या दारात बघायला मिळाल्या. हे पौंडांत मांडता येत नाही, आणि बैठकीत विरोधी सदस्य नेमका पौंडांचाच प्रश्न विचारतो.

नॉर्थहॅम्प्टनशरचं काय झालं

या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग हा आहे. 2014 ते 2018 सलग पाच वर्षं या काउंटीत एक पूर्ण टप्पा झाला. आऊंडल-नॉर्थहॅम्प्टन, आऊंडल-केटरिंग, नॉर्थहॅम्प्टन-केटरिंग, डॅव्हेंट्री-केटरिंग आणि रश्डन-डॅव्हेंट्री. इतकी एकनिष्ठ काउंटी दुसरी नव्हती. आयोजकाच्या दृष्टीनं हे घरचंच अंगण होतं.

फेब्रुवारी 2018 मध्ये नॉर्थहॅम्प्टनशर काउंटी काउन्सिलनं ‘सेक्शन 114’ची नोटीस काढली. इंग्लंडमधली काउन्सिल कायद्यानं दिवाळखोर होत नाही. पण खर्चाला उत्पन्न पुरणार नाही असं दिसलं की तिच्या वित्त अधिकाऱ्याला ही नोटीस काढावी लागते आणि कायद्यानं बंधनकारक सेवा सोडून सगळा नवा खर्च थांबतो. जुलैमध्ये दुसरी नोटीस निघाली. या दोन नोटिशींच्या मधे, 14 जून 2018 ला, रश्डन ते डॅव्हेंट्री टप्पा झाला. कोरिन रिव्हेरानं तो जिंकला आणि पुढे शर्यतही. 2019 च्या नकाशावर नॉर्थहॅम्प्टनशरमधलं एकही यजमान गाव नव्हतं. एप्रिल 2021 मध्ये ती काउन्सिलच बरखास्त होऊन तिच्या जागी दोन नव्या काउन्सिल आल्या.

ग्रंथालयं बंद करावी लागतील अशी चर्चा असलेल्या काउंटीत सायकल शर्यतीसाठी पैसे मागणं अवघडच, आणि मला त्या सदस्यांचा रागही येत नाही. वृद्धांची देखभाल आणि मुलांची सुरक्षा कायद्यानं बंधनकारक आहे, शर्यत ऐच्छिक. ऐच्छिक खर्चाच्या यादीत तिचं नाव आधी कापलं जाणार. पुढे 2023 मध्ये नॉटिंगहॅमवरही हीच नोटीस आली, तेही 2016 सालचं यजमान शहर. म्हणजे शर्यतीचा एक अख्खा खांब अशा तिजोऱ्यांवर टेकलेला होता ज्या त्याच काळात देशभर रित्या होत होत्या.

2019 ची यादी या नजरेनं वाचली तर बदल दिसतो. एक टप्पा ग्रेव्हझेंडजवळच्या केंट सायक्लोपार्कमध्ये, अडीच किलोमीटरच्या बंदिस्त मार्गावर पंचवीस फेऱ्या. एक शेवट ब्लेनहाइम पॅलेसच्या आवारात, एक बर्टन डॅसेटच्या टेकड्यांवर, एक वेल्समधल्या पेम्ब्री कंट्री पार्कमध्ये. सहापैकी चार शेवट गावाच्या मुख्य रस्त्यावर नव्हते. अशा जागी रस्ता बंदी कमी, बॅरिकेड आटोपशीर, परवानगी एकाच मालकाकडून. सोय मोठी. पण शाळेतून सुटून आईचा हात धरून आलेली मुलगी सायक्लोपार्कच्या कुंपणाशी आपोआप पोचत नाही. काय गमावतोय हे आयोजकांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

उंची वाढली आणि पाया आखूड पडला

दुसऱ्या बाजूनं शर्यतीकडून अपेक्षा चढत होत्या, आणि रास्त होत्या. 2018 पासून तिची बक्षिसाची रक्कम पुरुषांच्या टूर ऑफ ब्रिटनएवढी झाली. दिवस पाचाचे सहा झाले. 2020 पासून युसीआयनं वर्ल्ड टूरमधल्या महिलांच्या शर्यतींना किमान 45 मिनिटांचं थेट प्रक्षेपण सक्तीचं केलं. हेलिकॉप्टर, मोटारसायकलींवरचे कॅमेरे, उपग्रहाचा खर्च. इटलीच्या जुन्या, मानाच्या जिरो रोझाला ही अट न पाळल्यामुळे 2021 साली वर्ल्ड टूरमधून खाली यावं लागलं. नियम चांगल्या हेतूचा होता, त्याचा भार मात्र सगळ्यात कमी उत्पन्नाच्या आयोजकांवर पडला.

कोविडमुळे 2020 ची शर्यत झालीच नाही, 2021 ची ऑक्टोबरात गेली. सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर पुरुषांची शर्यत पाचव्या टप्प्यावर थांबली आणि आइल ऑफ वाइट बेटावरचा ठरलेला शेवट रद्द झाला. दोन्ही शर्यतींचा आयोजक एकच, म्हणजे एकीचा घाव दुसरीलाही लागणारच.

आणि खेळ म्हणून बघाल तर याच काळात शर्यत सर्वांत रंगात होती. जून 2022, शेवटचा टप्पा, चिपिंग नॉर्टन ते ऑक्सफर्ड. एलिसा लोंगो बोर्गिनी आणि ग्रेस ब्राउन यांच्या एकूण वेळेत पाच दिवसांनंतर काही फरक उरलेला नव्हता. ऑक्सफर्डच्या रेषेवर लोंगो बोर्गिनी तिसरी आली, तिसऱ्या क्रमांकाचे बोनस सेकंद (एकूण वेळेतून वजा होणारे) मिळाले, आणि सहा दिवसांची शर्यत तिनं एका सेकंदानं जिंकली.

त्यानंतर नऊ-दहा महिन्यांत, मार्च 2023 मध्ये, आयोजकांनी लोकांकडून 1 लाख पौंड गोळा करण्याचं आवाहन केलं. त्याच महिन्याच्या अखेरीस जूनची शर्यत रद्द झाली. वाढलेला खर्च आणि आटलेला प्रायोजक, ही कारणं त्यांनी दिली. जानेवारी 2024 मध्ये स्वीटस्पॉट कंपनी गुंडाळली गेली.

पुन्हा गावं शोधणं

शर्यत परत उभी केली ती ब्रिटिश सायकलिंग या राष्ट्रीय संघटनेनं, जेमतेम चार-पाच महिन्यांत. नाव ‘टूर ऑफ ब्रिटन विमेन’, दिवस चार, जून 2024. इतक्या कमी वेळात गावं कुठून आणली? वेल्शपूल ते लँडिड्नो, मग रेक्सहॅम, वॉरिंग्टन आणि ग्रेटर मँचेस्टरमधलं ली. यातली वेल्शपूल आणि रेक्सहॅम ही 2022 च्या एकाच टप्प्याची दोन टोकं. कंपनी बुडाली, पण तिथल्या अधिकाऱ्यांना शर्यत म्हणजे काय ते माहीत होतं, रस्ते पाहिलेले होते. चारपैकी तीन टप्पे एकाच गावातून निघून तिथेच संपले. म्हणजे एकाच काउन्सिलशी बोलणी, एकच मांडव, एकच वाहतूक आराखडा. घाईत काम करणाऱ्याला ही रचना वाचवते. लोटे कोपेकीनं ती शर्यत जिंकली. 2025 मध्ये शर्यत उत्तरेला सरकली : डॅल्बी फॉरेस्ट ते रेडकार, हार्टलपूल ते सॉल्टबर्न, मग स्कॉटलंडमधलं केल्सो आणि शेवटी ग्लासगो. पुन्हा शेवटचे दोन टप्पे आपल्याच गावात सुरू होऊन संपणारे. विजेती ॲली वॉलस्टन.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात जानेवारी 2026 मध्ये पुरुषांची आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली, तिच्यामागे जिल्हा प्रशासन आणि राज्य शासन एकत्र उभं होतं. इथे गावोगाव शुल्काची बोलणी करावी लागत नाहीत, वरून एकदा ठरलं की रस्ते होतात. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात महिलांची अशी शर्यत काढायची झाल्यास ब्रिटनमधली पहिली नऊ वर्षं अभ्यासावीत असं मला मनापासून वाटतं. विशेषतः एक गोष्ट. स्वीटस्पॉटचा नकाशा दरवर्षी नव्यानं मांडला जायचा. त्याऐवजी तीन वर्षांसाठी चार-पाच कार्यालयं बांधून घेतली असती, आणि त्या तीन वर्षांत शर्यत त्याच प्रदेशातल्या वेगवेगळ्या गावांना फिरवली असती, तर एखाद्या काउंटीची तिजोरी आटली तरी सगळा नकाशा नव्यानं मांडावा लागला नसता. शुल्कही वाटलं गेलं असतं. सफकनं 2017 चा अपवाद सोडला तर दरवर्षी निदान एक गाव दिलं. असा भागीदार हाताशी असताना त्याच्याभोवती मुक्काम बांधता आला असता.

2014 च्या त्या पाच टप्प्यांत दहा गावं होती. 2024 आणि 2025 च्या नकाशांत त्यातलं एकही नाही. आऊंडलच्या बाजारात तेव्हा निशाण घेऊन उभी असलेली सात-आठ वर्षांची मुलगी आता एकोणीस-वीसची आहे, स्वतः शर्यतीला उतरण्याच्या वयाची.